म्हातारपणाचा अभ्यास : कॉलेजातल्या मुलांसाठी एक वेगळी वाट

— ऊस विकास अधिकारी



ऊस विकास विभागाच्या लेखात लागण, बेणे, खत आणि पाणी याखेरीज दुसरे काही सहसा येत नाही. या खेपेस विषय जरा निराळा आहे. तो घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आहे आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींचाही आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. महाराष्ट्रात शंभरात जवळजवळ दहा. वय झाले की गुडघे धरतात, डोळे अधू होतात, विसर पडतो, एखाद्याला लकवा मारतो. आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच!" पण हे का होते, कोणाला लवकर होते आणि काय केले तर टळते, याचा अभ्यास करणारे एक शास्त्र आहे. त्याला वृद्धत्वशास्त्र म्हणतात. त्यात डॉक्टर लागतात, तशीच जीवशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र शिकलेली माणसेही लागतात. म्हणजे साध्या बी.ए., बी.एस्सी. च्या विद्यार्थ्यालाही तिथे वाव आहे.

गावाकडचीच मुले कशाला?

को ८६०३२ ही जात आपणा सर्वांच्या ओळखीची. तिची पैदास कोइमतूरची. पण महाराष्ट्राच्या जमिनीत, इथल्या पाण्यावर चाचण्या झाल्या, तेव्हाच १९९६ मध्ये पाडेगावच्या संशोधन केंद्रामार्फत ती आपल्याकडे प्रसारित झाली. बाहेरचे ज्ञान आपल्या मातीत तपासून घ्यावे लागते. माणसाच्या बाबतीतही तसेच आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरचे उदाहरण घ्या. एका अंगाला सिमेंटचे कारखाने, दुसऱ्या अंगाला माणिकगडचा डोंगर आणि वर जिवतीकडे कोलाम-गोंडांचे गुडे. तिथल्या एखाद्या आजोबांना जन्मसाल विचारले तर आकडा मिळत नाही. दुष्काळाची किंवा पुराची खूण मिळते. बोलणे कोलामीत नाहीतर गोंडीत. शहरातून आलेला माणूस हिंदीत छापील प्रश्न विचारील आणि "उत्तर आले नाही" असे लिहून निघून जाईल. त्यात आजोबांची स्मरणशक्ती कमी, की प्रश्नच चुकीचा?

ही शंका उगाच काढलेली नाही. स्मृती तपासण्याची एक प्रसिद्ध प्रश्नावली १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. तिच्यात वाचायचे, वाक्य लिहायचे असे प्रश्न आहेत. अक्षरओळख नसलेला शहाणा माणूसही तिच्यात नापास होणार! म्हणून पुढे हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांसाठी संशोधकांना तिच्यात बदल करून निराळी हिंदी प्रश्नावली करावी लागली. कोलामी-गोंडीत असे काम करायचे तर ती भाषा घरी बोलणाऱ्या मुलामुलींशिवाय ते नीट कसे व्हावे?

गडचिरोलीने दाखवलेला रस्ता

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. १९९३ पासून ३९ गावांत त्यांनी नवजात बालकांवर जे संशोधन केले, त्यात बाळाचे वजन, ताप, श्वास मोजून टिपून ठेवण्याचे काम थोड्याफार शिकलेल्या गावातल्याच बायांनी केले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या जगविख्यात नियतकालिकात छापून आले.

याच संस्थेने पुढे ८६ गावांतील दोन वर्षांचे मृत्यू घरोघर चौकशी करून तपासले. १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याच्या झटक्याने, म्हणजे दर सातांत एक. सगळ्या कारणांत हेच पहिले निघाले, आणि यातली बहुतेक माणसे घरीच गेली. जंगलातला माणूस मलेरियाने आणि सापाने मरतो असे आपण धरून चाललो होतो. मोजले तेव्हा खरे कळले.

अमेरिकेत १९७४ मध्ये वृद्धत्वाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ज्या समाजांतून संशोधक निघत नाहीत, त्यांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना या विषयाकडे वळवण्यासाठी तिने महाविद्यालयांना अनुदाने दिली. मुलांनी मार्गदर्शकाच्या हाताखाली राहून काम शिकावे आणि त्यासाठी त्यांना विद्यावेतन मिळावे, अशी ती रीत. यातली विद्यावेतनाची गोष्ट ध्यानात घ्यावी. सुटीत मजुरीला जाणारे पोर फुकटात शिकायला कसे थांबणार? त्याचा रोज बुडतो. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झाले, चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजे त्याला जोडली गेली. पण मुलगी सुटीत हातात वही घेईल की विळा, हे घरच्या चुलीवर ठरते.

तयारी कशी करावी?

१) संख्याशास्त्राला भिऊ नये. टनेज आणि उताऱ्याचा हिशेब ज्या घरात तोंडपाठ आहे, तिथल्या मुलाला सरासरी आणि टक्केवारी जड नाही.

२) दुसऱ्या वर्षापासून एखाद्या प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाने छोटी पाहणी करावी. गावातल्या साठीपुढच्यांपैकी किती पडले, किती जणांना रात्री दिसत नाही, एवढेही पुरे. आधी संमती घ्यावी, आणि कोणाचे दुखणे चावडीवर बोलू नये.

३) घरची बोली सोडू नये. इथे तीच कमाई आहे.

४) पदवीनंतर मुंबईत देवनारला, १९५६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर लोकांची मोठी पाहणी तिच्या नेतृत्वाखाली झाली. तिथे लोकसंख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. प्रवेशाची आणि शिष्यवृत्तीची चौकशी वेळेवर करावी.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा रस्ता लांब आहे. पदवीनंतर एम.एस्सी., मग पीएच.डी., यात सात-आठ वर्षे सहज जातात. पुष्कळ नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात. प्रकल्प संपला की नोकरी संपली. तेव्हा घरच्यांनी हिशेब करूनच पाऊल टाकावे. पण पदवी हातात घेऊन कारखान्याच्या गेटवर ठेकेदाराची वाट पाहणे, नाहीतर भरतीच्या जाहिरातीवर डोळे लावून बसणे, यातही वर्षे जातातच.

उसाला लागणीच्या वर्षी आपण जपतो; खोडव्याकडे मात्र दुर्लक्ष होते. तरी खोडव्याचेही पीक निघते, निगा नीट ठेवली तर. ही निगा कशी राखायची हे शोधून काढणारी मुले आपल्याच घरांतून निघावीत. ज्या सभासदांची मुले-मुली कॉलेजात आहेत, त्यांनी हा अंक त्यांच्या हाती द्यावा, ही विनंती.