आजाराचं नाव कळेपर्यंत घोड्यावर बसावं का?

घोडा खातो-पितो, पण पूर्वीसारखा चालत नाही. चढावर लवकर दमतो, अंग उतरलंय, आज ठेचकाळतो आणि उद्या ठीक दिसतो. डॉक्टर पाहून जातात, रक्त तपासलं जातं, नेमकं काही हाती लागत नाही. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे माणसं आणि सामान घोड्यांवरून जातं. तिथे घोडा तबेल्यात उभा राहिला की घरची कमाई थांबते. मग ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणजे ‘घोडा चांगला आहे’ असं धरून खोगीर चढतं. माझ्या मते धोका इथेच आहे. आजार कोणता, हे ठरायला महिनाही लागेल. आज त्याच्या पाठीवर माणूस बसवायचा की नाही, हे मात्र आजच ठरवावं लागतं.

आधी उभा घोडा पाहा

विश्रांती घेत असलेल्या मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. हिरडी गुलाबी, ओलसर असावी. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परतावा. या नोंदी रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. एका दिवसाच्या तपासणीत न सापडणारा ताप आठवडाभराच्या वहीत सापडतो.

येणारा-जाणारा ताप

असा ताप, फिकट हिरड्या, पोटाखाली किंवा पायांना सूज, उतरत जाणारं अंग आणि मागच्या पायांत अशक्तपणा ही लक्षणं एकत्र दिसली तर सर्रा हा रक्तातल्या परजीवीमुळे होणारा आजार तपासायलाच हवा. चावणाऱ्या गोमाश्या हा परजीवी एका जनावरातून दुसऱ्यात नेतात, त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त सावध राहावं. ताप उतरलेला असताना रक्तात परजीवी फार कमी असतात आणि काचपट्टीवर दिसत नाहीत. म्हणून एक तपासणी निर्दोष आली तरी ताप असताना पुन्हा रक्त द्यावं, प्रतिपिंडांची चाचणीही करून घ्यावी. तोवर स्वारी बंद.

नाकातून चिकट स्राव आणि कातडीवर गाठी किंवा फुटलेले फोड दिसले तर प्रश्न स्वारीपुरता राहत नाही. हा ग्लँडर्स नावाचा आजार असू शकतो आणि तो माणसालाही होतो. घोडा वेगळा बांधून लगेच पशुसंवर्धन विभागाला कळवावं.

मागचे पाय

दुखऱ्या पायाचा घोडा लंगडतो, पण त्याचं लंगडणं ठरावीक असतं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं, आणि दुडकीत हे स्पष्ट दिसतं. मज्जारज्जूत किंवा मेंदूत बिघाड असेल तर पाऊल कुठे पडतंय हेच घोड्याला नीट कळत नाही. प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, खुरांची टोकं घासून झिजतात, छोट्या वर्तुळात वळवताना मागचा पाय बाहेर फेकला जातो, मागे सरताना पाय अडखळतात. पशुवैद्य चालत्या घोड्याची शेपटी बाजूला ओढून पाहतात. निरोगी घोडा तोल सावरतो, बिघाड असलेला सहज खेचला जातो.

अशा घोड्यावर कुणीही बसू नये, कसलेल्या स्वारानेही नाही. तो उतारावर कोसळला तर साडेतीनशे-चारशे किलोंचं अंग स्वारावर येऊ शकतं, आणि लगाम खेचून ते टळत नाही. एकदाही कोसळलेल्या किंवा भोवळ आलेल्या घोड्याबद्दलही हाच निर्णय. हृदयाची तपासणी होईपर्यंत त्याला काम देऊ नये.

हट्ट की वेदना?

तंग आवळताना चावणं, कान मागे पाडणं, शेपटी झटकत राहणं, तोंड उघडं ठेवणं याला आपण ‘खोड’ म्हणतो आणि चाबूक उचलतो. ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वारीखालच्या घोड्यांच्या अशा २४ हालचालींची यादी केली आहे. त्यांपैकी आठ किंवा अधिक दिसल्या तर स्नायू किंवा हाडांचं दुखणं असण्याची शक्यता मोठी असते. पाठ, खूर, दात, खोगिराचं माप हे सगळं तपासल्याशिवाय घोड्याला दोष देणं अन्यायाचं आहे. निदानासाठी पशुवैद्याने वेदनाशामक देऊन पाहणं वेगळं. सुट्टीच्या गर्दीचे दिवस काढण्यासाठी ते टोचणं म्हणजे घोड्याकडून इशारा काढून घेणं.

पुन्हा खोगीर

लक्षणं थांबली आणि पशुवैद्याने होकार दिला, की आधी हातात धरून सपाट जमिनीवर चालवा, काही दिवसांनी दुडकी, मग रिकामं खोगीर. त्यानंतर हलका, अनुभवी स्वार. उतार आणि लहान मुलं सर्वांत शेवटी. मधे एक जरी लक्षण परतलं तर पुन्हा पशुवैद्याकडे.

पर्यटकांनाही विचारायचा हक्क आहे. मुलाला बसवण्याआधी घोडा वीस पावलं चालवून आणि वळवून दाखवायला सांगा. पाऊल अडखळलं, पाठीवर जखम दिसली किंवा घोडा उभ्या जागी धापा टाकत असला तर नम्रपणे नकार द्या, आणि का नाकारलं ते मालकाला सांगा.