पावसाच्या नावाचं चलन

बोत्सवानात सभा संपताना ‘पुला!’ अशी आरोळी उठते आणि जमलेली माणसं तिला तितक्याच जोरात साथ देतात. सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस, आणि त्याच शब्दाने आशीर्वादही देतात. तिथल्या चलनाचं नावही हेच.

देशाचा बराचसा भाग कलहारीच्या वाळूखाली. पिढ्यानपिढ्या माणसाची पत मोजली गेली ती गुरांवर, आणि गुरं जगणार पावसावर. ३० सप्टेंबर १९६६ रोजी देश ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला तेव्हा दुष्काळाने पार कंबरडं मोडलेलं होतं. माणदेशातल्या किंवा मराठवाड्यातल्या वाचकाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. नव्या राजमुद्रेवर निळ्या लाटा कोरल्या गेल्या आणि खाली ब्रीद म्हणून एकच शब्द: पुला.

स्वातंत्र्य मिळालं, तरी खिशात पैसा मात्र शेजारच्या दक्षिण आफ्रिकेचा, रँड. म्हणजे वर्णभेदी राजवटीचा. गोऱ्या स्त्रीशी लग्न केलं म्हणून ज्यांना मायभूमीबाहेर ठेवण्यात आलं होतं, ते सेरेत्से खामा आता राष्ट्राध्यक्ष होते. पैशाची धोरणं प्रिटोरियात ठरणार आणि परिणाम आपण भोगणार, हे किती काळ चालवून घ्यायचं? १९७५ मध्ये स्वतःची मध्यवर्ती बँक उभी राहिली. २३ ऑगस्ट १९७६ रोजी पुला चलनात आला, एका रँडला एक पुला या दराने. नाव ठरवताना जनतेलाही विचारलं होतं. शंभरावा भाग ‘थेबे’, म्हणजे ढाल.

पहिल्या एक पुलाच्या नाण्यावर एका बाजूला झेब्रा आहे. दुसऱ्या बाजूला राजमुद्रा, तीही दोन झेब्र्यांनी तोललेली आणि पावसाचं ब्रीद मिरवणारी.

आपला रुपया ‘रूप्य’ म्हणजे चांदीवरून आला, पोलंडचा झ्लॉटी सोन्यावरून. रँडचं नाव तर विटवॉटर्सरँड या सोन्याच्या खाणींच्या डोंगररांगेचं. बोत्सवानालाही असं नाव सहज घेता आलं असतं, कारण १९६७ मध्ये ओरापाला हिरे सापडले होते आणि १९७१ पासून तिथली खाण सुरू होती. तरीही त्यांनी पाऊस निवडला. जगातल्या चलनांच्या नावांत इतकं नेमकं आणि इतकं आपलं नाव मला दुसरं दिसत नाही.