गळ्यावरचा हक्क
कायदा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : लेखांक 6

29 सप्टेंबर 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. आरिफ डॉक्टर यांनी आशा भोसले यांच्या दाव्यात अंतरिम आदेश दिला. प्रतिवाद्यांत मेक इन्क. ही अमेरिकी कंपनी होती. तिच्या प्रणालीत आशाताईंच्या आवाजाची कृत्रिम आवृत्ती कुणालाही वापरायला मिळत होती. जिथे आशाताईंची पोस्टरं विकली जात होती अशा ऑनलाइन विक्रीच्या दोन मोठ्या कंपन्या, यूट्यूबमुळे गूगल आणि आशाताईंचं चित्र छापून कपडे विकणारा एक कलाकार, हेही प्रतिवादी होते. पोस्टर आणि कपड्यांची तक्रार जुन्या वळणाची. त्यावर कायदा काय म्हणेल हे वकील झोपेतही सांगतील. आवाजाचं प्रकरण मात्र वेगळं होतं. कुठल्याही माणसाचा आवाज एखाद्या नामवंताच्या आवाजात बदलून देणारं साधन त्या नामवंताच्या परवानगीविना उपलब्ध करून देणं, हाच त्याच्या व्यक्तिमत्त्व-हक्काचा भंग ठरतो, असं न्यायालयाने प्रथमदर्शनी मत दिलं. हाच विचार वर्षभर आधी, जुलै 2024 मध्ये, न्या. आर. आय. छागला यांनी अरिजित सिंग यांच्या दाव्यात मांडला होता.

गेल्या आठवड्यात आपण एएनआय विरुद्ध ओपनएआय हा दिल्लीतला खटला पाहिला. तिथे वाद मजकुराचा आहे. मजकूर लिहून झाला की लेखकापासून सुटा होतो, त्याचे हक्क विकता येतात, भाड्याने देता येतात. गळा असा सुटा होत नाही. म्हणून या प्रश्नाला एक अख्खा लेखांक द्यायचं ठरवलं.

हे साधन चालतं कसं, ते जरा जवळून बघू. गायिकेच्या ध्वनिमुद्रणातून वाद्यं बाजूला काढायची आणि कोरा आवाज उरवायचा. असा काही मिनिटांचा स्वच्छ नमुनाही बऱ्याचदा पुरतो. त्यावरून यंत्र आवाजाचा पोत शिकतं : स्वर कुठे घुमतो, कुठे किंचित घासतो, शब्द सुटताना हवा किती निघते. मग मी माझ्या खोलीत बसून माझ्या गळ्याने काहीही गायचं. सूर माझा, लय माझी, उच्चार माझे. यंत्र फक्त त्यावर तिचा पोत चढवतं. मी बेसूर गायलो तर कानावर पडतं ते तिच्या आवाजातलं बेसूर गाणं. 1943 च्या ‘माझं बाळ’ या चित्रपटापासून लावणी, नाट्यगीत, भावगीत, गझल, कॅबरे अशा सगळ्या वाटांवर घडवलेला गळा, आणि आता कुणीही त्याला हवं ते म्हणायला लावू शकतं. त्या बाईंनी कधीच उच्चारले नसते असे शब्दसुद्धा.

नक्कल आपल्याला नवी नाही, असं कुणी म्हणेल. गावोगावच्या ऑर्केस्ट्रांनी रफी, मुकेश, किशोर यांच्या आवाजात गाणारे कितीतरी गुणी गायक सांभाळले. पण तिथे माणूस समोर उभा असतो, निवेदक त्याचं नाव घेतो, श्रोत्याला माहीत असतं की हा दुसरा आहे. आणि तो स्वतःच्या गळ्याच्या मेहनतीने तिथवर पोहोचलेला असतो. मला तर त्या कलेचा आदर वाटतो. यंत्राने केलेली प्रत या सगळ्या अटी मोडते. म्हणून नकलाकाराला धक्का न लावता तिला आवर घालणारा कायदा लिहिणं शक्य आहे, आणि तसाच तो लिहायला हवा.

आवाजाच्या खटल्यांचं मूळ अमेरिकेतल्या एका मोटारीच्या जाहिरातीत सापडतं. फोर्ड कंपनीच्या जाहिरात-संस्थेला गायिका बेट मिडलर यांचं एक जुनं गाणं त्यांच्याच आवाजात हवं होतं. त्यांनी नकार दिला. तेव्हा संस्थेने त्यांच्यामागे कोरस गाणाऱ्या गायिकेला बोलावलं आणि मूळ ध्वनिमुद्रणाशी होईल तितकं जुळेल असं गायला सांगितलं. गाण्याचा परवाना रीतसर घेतला होता. मिडलर यांचं नाव वापरलं नव्हतं, चित्र वापरलं नव्हतं. तरीही 1988 मध्ये न्या. जॉन नूनन यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला : आवाज चेहऱ्याइतकाच माणसाचा स्वतःचा असतो. पुढे ज्युरीने 4 लाख डॉलर भरपाई दिली. पण त्या निकालाला एक अट जोडलेली होती. आवाज व्यावसायिक गायकाचा हवा आणि तो सर्वदूर ओळखीचा हवा.

ती अट भारतातही आली, आणि माझी अडचण तिथेच आहे.

आपल्याकडे व्यक्तिमत्त्व-हक्काचा वेगळा कायदाच नाही. न्यायालयं तो तुकड्यातुकड्यांतून उभा करतात. 1994 च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एखाद्याचं नाव किंवा रूप त्याच्या संमतीविना जाहिरातीसाठी वापरणं हा खासगीपणाचा भंग आहे. 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. स्वामित्वहक्क कायद्याचं कलम 38 सादरकर्त्याला हक्क देतं, आणि 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 38ब म्हणतं की त्याच्या सादरीकरणाची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला बाधा आणता येणार नाही. वाचायला हे भक्कम वाटतं. पण कलमाचा आधार आहे ‘सादरीकरण’. यंत्राने गाऊन दाखवलेलं गाणं आशाताईंनी कधी सादरच केलं नव्हतं. मग मोडतोड कशाची झाली? या फटीमुळेच वकिलांना व्यक्तिमत्त्व-हक्काकडे वळावं लागतं, आणि तिकडे वळलं की पहिला प्रश्न येतो : वादी प्रसिद्ध आहे का? त्याच्या नावाला बाजारात किंमत आहे का?

अरिजित यांच्या दाव्यात एक मुद्दा होता तो मला फार मोलाचा वाटला. गेली कित्येक वर्षं आपण जाणूनबुजून कुठल्याही उत्पादनाची जाहिरात करत नाही, असं त्यांनी न्यायालयाला सांगितलं होतं. म्हणजे त्यांचं म्हणणं निव्वळ ‘माझे पैसे बुडाले’ असं नव्हतं. मला माझा आवाज विकायचा नाही, तो तुम्ही कसा विकता, असं होतं. हे म्हणणं प्रसिद्धीवर अवलंबून नाही. ते तुमच्या-माझ्या तोंडीही तितकंच शोभतं.

प्रसिद्ध नसलेल्या आवाजांचं असंच एक उदाहरण अमेरिकेत सापडतं. पॉल स्काय लेहरमन आणि लिनिया सेज हे न्यूयॉर्कचं जोडपं आवाज देण्याचा व्यवसाय करतं. 2023 च्या उन्हाळ्यात दोघं गाडीतून जात असताना हॉलिवूडमधल्या संपाविषयीचं एक पॉडकास्ट ऐकत होते. विषय होता, कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कलाकारांच्या पोटावर येणारा पाय. कार्यक्रमात एका बोलक्या यंत्राची मुलाखत सुरू झाली, आणि ते यंत्र लेहरमन यांच्या आवाजात बोलत होतं. शोध घेतल्यावर धागा लोव्हो नावाच्या कंपनीपर्यंत पोहोचला. काही वर्षांपूर्वी ऑनलाइन मिळालेल्या कामासाठी दोघांनी ध्वनिमुद्रणं पाठवली होती. एकाला 1,200 डॉलर मिळाले होते, दुसरीला 400. संशोधनापुरता, अंतर्गत वापर आहे, असं त्यांना सांगण्यात आलं होतं, असा त्यांचा आरोप आहे.

जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने त्यांचा व्यापारचिन्ह कायद्याखालचा दावा आणि स्वामित्वहक्काचे बरेचसे दावे फेटाळले. तगून राहिले ते प्रामुख्याने न्यूयॉर्क राज्याच्या नागरी हक्क कायद्याखालचे आणि ग्राहक-संरक्षणाचे. त्यातल्या नागरी हक्क कायद्याच्या जन्माची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अ‍ॅबिगेल रॉबर्सन ही एक साधी तरुण मुलगी. पिठाच्या एका गिरणीने तिला न विचारता तिचं चित्र जाहिरातीवर छापलं आणि 25,000 प्रती दुकानांतून लावल्या. ती कोर्टात गेली आणि 1902 मध्ये हरली. असा काही हक्कच कायद्यात नाही, असं बहुमताने ठरलं. लोक संतापले, आणि 1903 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला : कुठल्याही जिवंत व्यक्तीचं नाव किंवा चित्र तिच्या लेखी संमतीविना व्यापारासाठी वापरता येणार नाही. पुढे त्यात आवाजही आला. प्रसिद्धीची अट त्यात नव्हतीच, कारण तो कायदा एका अप्रसिद्ध मुलीमुळे झाला होता. सव्वाशे वर्षांनी दोन अप्रसिद्ध कलाकारांच्या मदतीला तोच धावून आला.

आपल्याकडे रॉबर्सनसारखी मुलगी उद्या आली तर तिच्या हाती काय आहे? 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तिला आठवेल. आवाजावरून माणूस ओळखू येतो, म्हणजे तो वैयक्तिक डेटा आहेच. पण त्याच कायद्याचं कलम 3 सांगतं की व्यक्तीने स्वतःहून जाहीर केलेल्या डेटाला तो लागू नाही. मुलीने लेकराला झोपवताना गायलेल्या अंगाईचं रील टाकलं, ते सगळ्यांना खुलं ठेवलं, की संरक्षण संपलं. शिवाय कायद्यातली मुख्य बंधनं मे 2027 मध्ये लागू व्हायची आहेत. आणि नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मिळण्याची सोय त्यात नाही. दंड 250 कोटींपर्यंत होऊ शकतो, पण तो जमा होतो सरकारी तिजोरीत.

आवाज चोरून कुणी तिच्या वडिलांना ‘बाबा, अपघात झालाय, पैसे पाठवा’ असा फोन केला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ड आहे. तोतयेगिरीने फसवणूक केल्याबद्दल 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. 1930 या क्रमांकावर तातडीने कळवलं तर गेलेले पैसे अडवण्याची संधी असते. हा क्रमांक घरातल्या वडीलधाऱ्यांना पाठ असायला हवा. पण हे कलम फसवणुकीचं आहे. फसवणूक होईपर्यंत नुसत्या आवाज उचलण्याला गुन्हा म्हणणारं कलम मला दिसत नाही.

मृत्यूनंतरचा प्रश्न आणखी अवघड. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै 2023 मध्ये म्हटलं की असे हक्क माणसाबरोबरच संपतात. तिकडे 2024 मध्ये ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’साठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राद्वारे वापरले, तेव्हा दोघांच्या कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदलाही दिला. कायद्याने बांधलेलं नसताना त्यांनी हे केलं, म्हणून त्याचं मोल मोठं. पण प्रत्येक निर्मात्याच्या भल्या मनावर कुटुंबांनी किती विसंबावं? अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने, म्हणजे नॅशव्हिलच्या गायक-वादकांच्या राज्याने, जुलै 2024 पासून आवाजाला कायद्यात नाव घेऊन स्थान दिलं. खरा आवाज आणि त्याची प्रतिकृती, दोन्ही त्यात आली. हक्क प्रत्येक व्यक्तीला मिळाला, तो मृत्यूनंतरही टिकतो, आणि मुख्यतः अशी प्रत बनवण्यासाठीच असलेली साधनं पुरवणाराही जबाबदार ठरतो. आपल्या संसदेपुढे ठेवायला यापेक्षा तयार मसुदा शोधायची गरज नाही.

तोवर मुंबईच्या डबिंग स्टुडिओंत रोज शेकडो ओळी बोलणाऱ्या, पडद्यावर नाव न येणाऱ्या कलाकारांनी काय करायचं? मराठी-हिंदीत परदेशी मालिका, कार्टून, कंपन्यांच्या फोनवरची ‘एक दाबा, दोन दाबा’ ही सूचना, हे सगळे त्यांचे आवाज. स्टुडिओत शिरताना सही करायला जो कागद पुढे येतो त्यात बहुधा सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी असं छापलेलं असतं. इथे स्वामित्वहक्क कायद्यातली एक दुर्लक्षित तरतूद कामाची आहे. 2012 मध्ये कलम 18 ला जोडलेलं परंतुक म्हणतं : करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराचा जो प्रकार अस्तित्वात नव्हता अथवा व्यापारी वापरात नव्हता, त्याचे हक्क करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाहीत. कलम 39अ मुळे ही तरतूद सादरकर्त्यांच्या हक्कांनाही लागते. म्हणजे दुरुस्तीनंतर, पण आवाजाच्या प्रती बनवण्याचा धंदा सुरू होण्याआधी, केलेल्या करारातल्या ‘सर्व माध्यमं’ या दोन शब्दांत यंत्राला शिकवण्याचा हक्क आपोआप येत नाही, असा युक्तिवाद उभा राहू शकतो. तो कुणीतरी न्यायालयात नेटाने लढवायला हवा. एकट्या कलाकाराला ते परवडणार नाही, संघटनेनेच पुढे यावं.

नव्या करारांना मात्र ही ढाल मिळणार नाही, कारण आता तो वापर अस्तित्वात आहे. म्हणून सही करण्याआधी एक वाक्य हाताने लिहून घ्यावं, आणि समोरच्याचीही त्याखाली सही घ्यावी : ‘हे ध्वनिमुद्रण केवळ याच कामासाठी आहे, यावरून आवाजाची कृत्रिम प्रत बनवण्यास किंवा कोणत्याही यंत्रप्रणालीच्या प्रशिक्षणास माझी संमती नाही, तशी गरज भासल्यास वेगळा लेखी करार आणि वेगळा मोबदला.’ त्याची एक प्रत तिथल्या तिथे मोबाइलमध्ये काढून ठेवावी.