जुनाच दांडा, नवा उतार

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या जलविभाजक रेषेवर टेनेसी पास नावाची खिंड आहे. तेथे ग्रॅनाइटची एक भव्य शिळा उभी असून दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या जवळजवळ एक हजार सैनिकांची नावे तिच्यावर कोरलेली आहेत. शिळेपासून अगदी जवळच ‘स्की कूपर’ हे लहानसे स्की केंद्र आहे. हिमक्रीडेचे केंद्र आणि हुतात्म्यांचे स्मारक यांचा हा शेजार योगायोगाने जुळलेला नाही.

१९४२ साली या खिंडीच्या उत्तरेकडील दरीत ‘कॅम्प हेल’ ही लष्करी छावणी वसवण्यात आली. बर्फात आणि कड्यांवर लढू शकणारे सैनिक तेथे तयार होत. त्यांच्या सरावासाठी कूपर टेकडीवर उतार मोकळे केले गेले आणि वर जाण्यासाठी ‘टी-बार’ बसवण्यात आला. हेच सैनिक पुढे ‘टेन्थ माउंटन डिव्हिजन’ म्हणून इटलीत लढले. फेब्रुवारी १९४५ मध्ये रात्रीच्या अंधारात रिव्हा रिजचा कडा चढून जाण्याचा पराक्रम त्यांचाच. शिळेवरची नावे त्यांच्या सोबत्यांची आहेत.

टी-बार म्हणजे काय, हे येथे समजून घ्यावयास हवे. गुलमर्गच्या गोंडोलात माणूस बंद पाळण्यात बसून अधांतरी वर जातो. टी-बारमध्ये पाय जमिनीवरच राहतात. डोक्यावरून एक पोलादी दोर अखंड फिरत असतो. त्याला लोंबणाऱ्या दोऱ्यांच्या टोकाशी उलट्या ‘टी’ अक्षराच्या आकाराचे दांडे असतात. दोघांनी शेजारी उभे राहावयाचे, दांडा मांड्यांच्या मागे टेकवावयाचा, आणि दोर ओढील तसे बर्फावरून सरकत वर जावयाचे. दांड्यावर बसण्याचा मोह झाला की दोरी सैल पडते आणि नवखा हमखास आडवा होतो. १९३४ साली अर्न्स्ट कॉन्स्टाम या स्विस अभियंत्याने दाव्होस येथे अशा लिफ्टचा पहिला यशस्वी नमुना सुरू केला. पुढे खुर्च्यांच्या वेगवान लिफ्ट आल्या आणि टी-बार बऱ्याच ठिकाणी अडगळीत गेला.

असे असताना स्की कूपरने २०१९ साली पुन्हा टी-बारच उभारला. केंद्राच्या मागील अंगास ‘टेनेसी क्रीक बेसिन’ नावाचा वनाच्छादित, तीव्र उताराचा भाग आहे. तोवर कूपरची ख्याती सौम्य उतारांसाठी, नवशिक्यांसाठी आणि मुलाबाळांसह येणाऱ्या कुटुंबांसाठी होती. सुमारे ७० एकरांच्या या विस्ताराने निष्णात खेळाडूंनाही कसाला लावणारी भूमी तेथे खुली झाली.

या निवडीमागे व्यवहाराचा साधा हिशेब दिसतो. खुर्च्यांच्या लिफ्टला माणसांचा सारा भार हवेत पेलावा लागतो; त्यासाठी खांब, पाया आणि यंत्रे त्या मानाने भक्कम लागतात. टी-बारमध्ये भार बर्फच उचलतो, दोर केवळ ओढतो. त्यामुळे उभारणीचा खर्च पुष्कळ कमी होतो. दुसरे कारण वाऱ्याचे. कूपरचा पायथाच सुमारे १०,५०० फुटांवर आणि माथा ११,७०० फुटांवर आहे. अशा उंचीवर सोसाट्याचा वारा सुटला की हेलकावणाऱ्या खुर्च्या थांबवाव्या लागतात. जमिनीलगत चालणारा टी-बार मात्र बहुधा चालूच राहतो.

त्याच्या उणिवाही आहेत. वर जाताना पायांना विसावा नाही. स्नोबोर्डवर आडवे उभे राहणाऱ्यास तो विशेष त्रासदायक. दोराखालची वाट सलग बर्फाने झाकलेली असावी लागते, आणि कूपर तर सर्वस्वी नैसर्गिक बर्फावर अवलंबून आहे. तेथे कृत्रिम बर्फ तयार केला जात नाही. शिवाय जंगलातून उतार मोकळे करावयाचे, तर काही झाडांचा बळी जातोच. विस्तार लहान असला तरी तो निर्दोष नसतो.

तरीही या निर्णयाचे मोल कळते ते भोवतालची स्थिती पाहिल्यावर. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सातशेहून अधिक स्की केंद्रे होती. आज ती पाचशेहून कमी उरली आहेत. बंद पडलेल्यांत लहान केंद्रांचाच भरणा अधिक. कूपर ही लेक काउंटी या स्थानिक प्रशासनाची मालमत्ता असून नफा न कमावणारी संस्था ती चालवते. परिसरातील बड्या केंद्रांच्या तुलनेत तेथील तिकीट स्वस्त असते. खाणींच्या चढउतारांत होरपळलेल्या लेडव्हिलच्या मुलांना बर्फावर पहिले पाऊल टाकण्यासाठी हा डोंगर घरचाच आहे. कर्ज काढून झगमगाट उभारला असता, तर त्याचा भार शेवटी याच कुटुंबांच्या खिशावर पडला असता.

ऐपतीत राहूनही वाढता येते, आणि जुने साधन कामाचे असेल तर ते वापरण्यात कमीपणा नाही, हे या लहान केंद्राने दाखवून दिले. हिवाळ्यात त्या उतारावर आजही दोन माणसे एका दांड्याला टेकून, खांद्याला खांदा लावून वर जातात. ८० वर्षांपूर्वी याच डोंगरावर तरुण सैनिकही असेच वर जात असत. त्यांतील कित्येकांची नावे आता खिंडीतल्या शिळेवर आहेत.