तार एक, बोलणारे अनेक!

कार्यालयात दहा संगणक आहेत आणि त्यांना जोडणारी केबल मात्र एकच आहे. दोन संगणकांनी एकाच वेळी संदेश पाठवले, तर ते एकमेकांत मिसळून दोन्ही वाया जातात. मग आधी बोलायचे कोणी? या साध्या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे शोधली गेली.

पहिले उत्तर म्हणजे ‘इथरनेट’. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून ते विकसित केले. त्याची रीत घरातल्या गप्पांसारखी! आधी कानोसा घ्यायचा, शांतता असेल तरच बोलायचे. तरीही दोघे एकदम बोललेच, तर दोघांनीही थांबायचे आणि मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. दोघे सारखाच वेळ थांबले, तर पुन्हा टक्कर ठरलेलीच! म्हणून प्रत्येक टकरीनंतर थांबण्याची मर्यादा वाढवली जाते. सोळा वेळा अपयश आले, की संगणक तो संदेश सोडून देतो.

दुसरे उत्तर आयबीएम कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणले, ते म्हणजे ‘टोकन रिंग’. एकेरी रेल्वेमार्गावर टोकन हाती आल्याशिवाय चालक गाडी पुढे नेत नसे, तसेच हे. टोकन संगणकांमध्ये फिरत राहते. ज्याच्याकडे ते येईल, त्यानेच बोलायचे. इथे टक्कर नाही. शिवाय आपली पाळी जास्तीत जास्त किती वेळाने येईल, हेही आधी सांगता येते. इथरनेटमध्ये गर्दी वाढली, की अशी हमी नसे.

तरीही बाजी मारली ती इथरनेटने! त्याचे साहित्य स्वस्त होते आणि ते अनेक कंपन्या बनवत होत्या. पुढे १९९० च्या दशकात ‘स्विच’ आले. प्रत्येक संगणकाला स्वतंत्र केबल मिळाली आणि टकरीचा प्रश्नच मिटत गेला.

मग ही जुनी शिस्त संपली का? मुळीच नाही. आपल्या घरातील वाय-फायला केबल नसते, पण हवा सर्वांची एकच! तिथे उपकरणाला स्वतः बोलताना दुसऱ्याचे ऐकू येत नाही. म्हणून ते आधी कानोसा घेते, टक्कर टाळण्यासाठी थोडे थांबते, मग बोलते. पोच आली नाही, तर संदेश पुन्हा पाठवते. घरातले सगळे एकदम मोबाइल घेऊन बसले, की नेट मंदावते, त्याचे एक कारण हेच. प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट पाहत असतो!