शेतजमिनीची मालकी आणि सात-बाराचा उतारा

शेतकऱ्याच्या घरी जमिनीचे जे कागद जपून ठेवलेले असतात, त्यांत सात-बाराच्या उताऱ्याचा मान पहिला असतो. पीककर्ज काढावयाचे असो, विहिरीसाठी अनुदान मागावयाचे असो, की बांधाचा तंटा तहसीलदारांपुढे न्यावयाचा असो, प्रथम हाच उतारा मागितला जातो. त्यामुळे उताऱ्यावर ज्याचे नाव तोच मालक, आणि ज्याचे नाव नाही त्याचा हक्कही नाही, असा समज खेड्यापाड्यांतून दृढ झालेला आहे. हा समज अर्धाच खरा आहे. त्यावर विसंबून राहिल्याने सबंध आयुष्याची पुंजी घालून घेतलेली जमीन हातची जाण्याची वेळ येते. म्हणून मालकी कशाने मिळते आणि सात-बारा काय सांगतो, हे प्रत्येक शेतकऱ्याने नीट समजून घ्यावयास पाहिजे.

मालकी आणि कब्जा

जमिनीची मालकी हा एकच हक्क नसून अनेक हक्कांचा समुच्चय आहे. जमीन कसणे, तिचे उत्पन्न घेणे, दुसऱ्यास तीत येण्यास मनाई करणे, ती गहाण ठेवणे, विकणे, बक्षीस देणे, हे सर्व हक्क त्यात येतात. हे हक्क निरनिराळ्या व्यक्तींकडेही असू शकतात. बटईने जमीन कसणाऱ्याकडे कब्जा असतो, मालकी नसते. शेजाऱ्यास आपल्या शेतातून वहिवाटीचा रस्ता असेल, तर जमीन आपली असूनही तो रस्ता आपणांस अडविता येत नाही.

बारा वर्षे कब्जा राहिला की जमीन आपली होते, असे पुष्कळदा ऐकू येते. खाजगी जमिनीबाबत १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांची मुदत आहे हे खरे. परंतु तो कब्जा मालकाच्या हक्कास विरोध करून, उघडपणे व अखंड असावा लागतो. मालकाच्या परवानगीने किंवा बटईने कितीही वर्षे जमीन कसली, तरी केवळ तेवढ्याने मालकी मिळत नाही.

मालकी कशाने मिळते

मालकी मुख्यतः खरेदी, बक्षीस, वाटणी, वारसा, मृत्युपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा यांनी प्राप्त होते. यांपैकी खरेदीसंबंधीचा नियम प्रथम ध्यानात ठेवावा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणी केलेल्या दस्तानेच होते. असा दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे नोंदणीसाठी सादर करावयाचा असतो.

मुद्रांकाच्या कागदावर मजकूर लिहून, चार पंचांच्या सह्या घेऊन पैसे दिले, तर तो व्यवहार कितीही प्रामाणिक असो, त्याने मालकी बदलत नाही. साठेखताचेही तसेच आहे. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार होय. मालकी खरेदीखतानेच येते.

सात-बारा म्हणजे काय

सात-बारा हा गावच्या दोन नमुन्यांचा जोड उतारा आहे. नमुना सात हा अधिकार अभिलेख होय. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, पोटखराबा, आकार, भूधारणा पद्धती, भोगवटादाराचे नाव व इतर हक्क यांची नोंद असते. नमुना बारा ही पिकांची नोंदवही आहे. २०२१ पासून तीतील पिकांची माहिती ई-पीक पाहणीद्वारे स्वतः शेतकऱ्यासही नोंदविता येते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे. परंतु ती नोंद हक्क निर्माण करीत नाही. अन्यत्र निर्माण झालेल्या हक्काची ती केवळ दखल घेते. महसुली नोंदीने मालकी मिळत नाही आणि ती नसल्याने मालकी जातही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत स्पष्ट केले आहे.

समजा, तीन भावांचा बाप वारला व थोरल्या भावाचे नाव एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागले. उताऱ्यावर नावामागे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लिहिलेले असते. ही अक्षरे न पाहता कोणी एकट्या थोरल्याकडून सर्व जमीन विकत घेतली, तर धाकट्या भावांचा व बहिणींचा दावा त्याच्यापुढे उभा राहण्याचा संभव असतो.

फेरफाराची नोंद

हक्कात बदल झाला की तो फेरफार नोंदवहीत लिहिला जातो. वारसाने किंवा अन्य रीतीने हक्क मिळाल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यावी. नोंदणीकृत दस्ताबाबत अशी वर्दी देण्याचे बंधन नाही. तरीही नोंद झाली की नाही हे पाहणे हिताचे असते. नोंदीची नोटीस हितसंबंधितांस दिली जाते. हरकत असल्यास नोटिशीत दिलेल्या मुदतीत ती लेखी द्यावी व पोच घ्यावी. नोंद प्रमाणित झाल्यावर तीविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करता येते. मालकीचा मूळ वाद मात्र दिवाणी न्यायालयातच सुटतो.

मुलींचा हक्क

हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर रीतीने झालेल्या वाटण्यांस मात्र यामुळे बाध येत नाही. बहिणींस हक्क सोडावयाचा असल्यास तो स्वेच्छेने व नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. गावकामगारापुढे दिलेल्या जबाबाने असा हक्क सुटत नाही.

जमीन घेण्यापूर्वी

खरेदीपूर्वी पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात :

१. चालू उताऱ्याबरोबर जुने उतारे व त्यांवर नमूद असलेले सर्व फेरफार काढून हक्क कसा चालत आला हे पाहावे.

२. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, सोसायटीचा इकरार, कुळाचे नाव किंवा न्यायालयीन दाव्याची नोंद आहे काय, हे वाचावे.

३. भूधारणा वर्ग एकची आहे की दोनची, हे तपासावे. वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीसही स्वतंत्र निर्बंध आहेत.

४. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मागील दस्तांचा शोध घ्यावा.

५. उताऱ्यावरील क्षेत्र व प्रत्यक्ष कब्जातील क्षेत्र जुळते की नाही, याची मोजणी करून खात्री करावी.

या चौकशीस थोडे दिवस व थोडा खर्च लागतो. पण तो कोर्टकचेरीत जाणाऱ्या वर्षांच्या मानाने काहीच नाही. ज्यांच्या घरी वडिलांच्या पश्चात वारसनोंद राहिली असेल, त्यांनी ती पुढच्या पिढीवर न टाकता सर्व भावाबहिणींच्या नावांसह लवकरच करून घ्यावी. कागद आणि हक्क यांचा मेळ ज्याच्या घरी बसलेला आहे, त्यालाच आपल्या शिवारात निश्चिंतपणे नांगर धरता येतो.