सुई आणि गर्भाशयातील गाठ

नाशिकमधील एखाद्या चाळिशीच्या गृहिणीच्या सोनोग्राफी अहवालात ‘फायब्रॉइड’ हा शब्द उमटला की, गर्भाशयाच्या स्नायूत वाढणाऱ्या आणि बहुतांशी निरुपद्रवी असणाऱ्या त्या गाठीसाठी शस्त्रक्रियेऐवजी ॲक्युपंक्चर सुचविणारी एखादी मावशी अगर शेजारीण हटकून भेटते. ही चिनी विद्या आपणांस अगदीच परकी नव्हे, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला रवाना झाले, त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे ती शिकून कलकत्त्यास रुजविली.

या उपचारात घोट्याच्या आतील अंगास चार बोटे वर, नडगीच्या हाडामागे, केसासारखी बारीक सुई टोचून ती वीस-तीस मिनिटे तशीच ठेवतात. रक्त बहुधा येतच नाही. वेदना व ताण यांस उतार पडल्याचे रुग्ण सांगतात, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. परंतु गाठ विरघळते हा दावा पुराव्याअभावी नामंजूरच करावा लागतो, कारण २०१० च्या कॉक्रेन समीक्षेस (उपलब्ध चाचण्यांच्या पद्धतशीर छाननीस) निकषांस उतरणारी एकही चाचणी आढळली नाही. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन ओसरले की गाठ बहुधा आपसूक आक्रसते, आणि त्याचे श्रेय सुईच्या पदरी घालणारे (तसे पुष्कळ आहेत!) ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. अतिरक्तस्रावाने हिमोग्लोबिन उतरले असेल, तर प्रथम स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, आणि त्या तपासणीचा अहवाल ॲक्युपंक्चर करणाऱ्यास दाखविल्याखेरीज सुयांसाठी पलंगावर आडवे होऊ नये.